हेड गॅस्केटने धरत नाही, बैठकीने धरतं

प्रश्न थोडक्यात असा. १९७१ ची फोक्सवॅगन बीटल, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची; गाडी गुहागरला असते. इंजिन ९०.५ मिमीची बॅरल (सुटी सिलिंडरं) घालून १७७६ सीसीचं केलेलं, वर दोन वेबर कार्बोरेटर. कुंभार्ली घाटात पोफळी सोडून चढाला लागलं की डाव्या बाजूने फुसफुस सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू केलं की तीच फुसफुस जास्त, आणि दहा मिनिटांनी कमी. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, दोनदा उघडून झालं आहे. पहिल्यांदा १ मिमीचं तांब्याचं गॅस्केट (सांध्यात घालायची चकती) घातलं, दुसऱ्यांदा त्याच गॅस्केटला लाल सिलिकॉन लावलं. आता विचारताय, याहून चांगलं गॅस्केट किंवा सीलंट कुठलं?

कुठलंच नाही. दोन्ही काढून टाका. या इंजिनात बॅरल आणि हेडच्या मध्ये काहीही नसणं हीच योग्य जोडणी आहे. चिपळूणला गेली पंचवीसेक वर्षं मी ही इंजिनं उघडतोय आणि गॅस्केट बदलून बरं झालेलं एकही हेड मला आठवत नाही. बरी झाली ती बैठक, म्हणजे बॅरल हेडला टेकतं तो पृष्ठभाग, सुधारून.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची सवय असलेल्या मेस्त्रीला हे पटायला वेळ लागतो. तिथे हेडच्या सांध्यातून पाणी जातं, तेल जातं, शिवाय गॅस अडवायचा असतो, म्हणून गॅस्केट लागतंच. बीटलच्या सांध्यातून पाणी नाही, तेलही नाही. तेल पुशरोडच्या नळ्यांतून परत येतं. अडवायचा आहे फक्त गॅस. बिडाच्या बॅरलची वरची कड अॅल्युमिनियमच्या हेडमधल्या गोल खाचेत बसते आणि दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर दाबून धरले जातात, एवढाच तो सांधा. त्यात सिलिकॉन भरलं तर ३०० अंशांच्या आसपास टिकणारी वस्तू तुम्ही ज्वाळेच्या शेजारी ठेवली. ते जळतं, जळालं की त्याची जाडी जाते, जाडी गेली की हेड आवळणाऱ्या लांब बोल्टचा, म्हणजे स्टडचा, ताण तेवढा उतरतो. म्हणजे गळती थांबवायला घातलेली वस्तूच सांधा ढिला करते.

आता ताणाचा हिशेब करू, कारण सगळं प्रकरण इथेच आहे. ९०.५ मिमी बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं) क्षेत्रफळ साधारण ६४ चौरस सेंटिमीटर. पूर्ण थ्रॉटलला सिलिंडरमधला दाब ६०-७० बार धरा. ७० ने हिशेब केला तर दर स्फोटाला हेड साडेचार टनांनी बाहेर ढकललं जातं. त्याला धरून ठेवतात चार स्टड. ८ मिमीचा स्टड २५ न्यूटन-मीटरने आवळला की त्यात साधारण १.६ टन ताण येतो, चारांचा मिळून ६.४. म्हणजे हातात शिल्लक जेमतेम दोन टन. एक स्टड निम्मा ढिला असेल, बैठक एका बाजूला उचललेली असेल, किंवा नॉकिंगने (मिश्रण अवेळी भडकल्याने) दाब उसळला, तर ती शिल्लक तिथेच संपते. हेड केसाएवढं उचलतं, तेवढ्या फटीतून ज्वाळा जाते आणि जाता जाता अॅल्युमिनियम खरवडते. एकदा वाट पडली की पुढच्या वेळी गॅसला ती तयारच मिळते.

यावर बहुतेकांचं उत्तर असतं, १० मिमीचे जाड स्टड घाला आणि जास्त आवळा. कारखान्याचेच आकडे बघा: १० मिमीला ३२ न्यूटन-मीटर, ८ मिमीला २५. जाडीप्रमाणे ताण काढला तर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच येतो, १.६ टन. मग फरक कशात? लवचिकतेत. २०० मिमी लांबीचा स्टड धरला, तर ८ मिमीचा त्या ताणाखाली ०.३ मिमी ताणला जातो आणि १० मिमीचा फक्त ०.२. स्टड म्हणजे खरं तर एक ताठ स्प्रिंग. हेड तापून फुगलं, थंड होऊन आक्रसलं, बैठक थोडी दबली, तर जास्त ताणलेली स्प्रिंग आपला दाब टिकवून ठेवते. जाड स्टड तेवढ्याच दबण्याने जास्त ताण गमावतो, आणि इंजिन फुगलं की इंजिनाच्या मधल्या घराच्या, म्हणजे केसच्या, आट्यांवर जास्त जोर आणतो. ही केस मॅग्नेशियमची आहे. तिचे आटे असे निघतात की नट फिरत राहतो आणि टॉर्क पान्याचा काटा चढतच नाही. तो अनुभव एकदा हाताला आला की माणूस विसरत नाही. म्हणून माझ्याकडे मोठ्या बोअरच्या इंजिनालाही ८ मिमीचेच चांगल्या स्टीलचे स्टड आणि केसमध्ये १४ मिमी बाहेरच्या आट्यांचे स्टीलचे बुश, ज्यांना केससेव्हर म्हणतात, ते बसवतो. १९७१ च्या केसला बुश आहेत का, हे आधी तपासा. नसतील तर बाकी सगळी मेहनत कच्च्या पायावर होईल.

तुमची फुसफुस थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी, हे लक्षण फार उपयोगी आहे. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं: एका मीटरला एका अंशामागे साधारण २३ मायक्रॉन, स्टील १२. हेड तापलं की ते नटाकडे फुगतं, स्टड त्याला पुरा पडत नाही, म्हणून ताण आपोआप वाढतो आणि गळती कमी होते. घाटात ती पुन्हा येते कारण तिथे दाबच जास्त असतो. याचा अर्थ हेड तडकलेलं असण्याची शक्यता कमी, थंड अवस्थेतला ताण अपुरा किंवा विषम असण्याची जास्त.

तरीही उघडण्याआधी खात्री करा, कारण एक्झॉस्टच्या फ्लँजची गळती हुबेहूब अशीच फुसफुसते आणि तीही गरम झाल्यावर कमी होते. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, गाडी गिअरमध्ये अडवा, प्लगच्या भोकातून ५-६ किलो हवा सोडा. ऑइल भरायच्या तोंडाशी हवा आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट. आणि पत्रे काढून बॅरल-हेडच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे आले, तर ते हेड.

उघडल्यावर घाईने पुसू नका. कापडाचा पहिला हात फिरवण्याआधी खाचेतला रंग वाचायचा असतो. चांगली बैठक सगळीकडे करडी, चकचकीत, गोल पट्टी दाखवते. गळतीच्या जागी ती पट्टी तुटते आणि काजळीची पिसासारखी रेघ बाहेरच्या बाजूला पसरलेली दिसते. माझ्या पाहण्यात ही रेघ बहुतेक वेळा एक्झॉस्टच्या बाजूला असते आणि डाव्या हेडवर ३ नंबरच्या सिलिंडरला. ३ नंबर मुळात गरम चालतो. १९७१ पूर्वीच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणात त्याच्याच वाटेत उभा असायचा, नंतर तो वेगळ्या कप्प्यात सरकवला. तुमच्या गाडीत जुनं आवरण लावलेलं आहे का तेही बघा.

मग निळी शाई. हेडची खाच रॉकेलने स्वच्छ करायची, बॅरलच्या कडेवर मार्किंग ब्ल्यूचा इतका पातळ थर लावायचा की बोटाचा ठसा उमटेल, बॅरल हाताने बसवायचं, दाबून पाव फेरा फिरवायचं आणि सरळ उचलायचं. मागच्या मे महिन्यात दापोलीच्या एका गाडीचं असंच केलं. ट्यूबलाइटखाली हेड तिरकं धरलं तर निळी पट्टी तीन चतुर्थांश वर्तुळापर्यंत छान उमटली होती, आणि एक्झॉस्टच्या बाजूला अंगठ्याएवढ्या लांबीत अॅल्युमिनियम कोरं. मालकाला दाखवलं तर तो म्हणाला, "एवढंच?" एवढंच. फीलर गेजची ०.०३ मिमीची पात तिथे आत जात होती. आधीच्या दुकानातल्या टर्नरने हेड चकमध्ये पकडताना खाली कचरा राहिला होता, म्हणून खाच तिरकी कापली गेली होती. त्या अंगठ्याएवढ्या जागेपायी त्या माणसाने दोन वर्षांत चार गॅस्केटं बदलली होती.

मापं घेताना एका हेडखालच्या दोन्ही बॅरलची उंची मायक्रोमीटरने मोजा आणि हेडमधल्या दोन्ही खाचांची खोली डेप्थ गेजने. एकच हेड दोन बॅरल दाबतं. एक उंच असेल तर सगळा दाब त्यावर आणि शेजारचं उपाशी. मी ०.०२ मिमीच्या आतला फरक चालवतो, त्यावर नाही. पोर्शच्या हवेने थंड होणाऱ्या जुन्या ९११ मध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळं हेड असतं, म्हणून हा त्रास कमी वाटेल. पण तिथे तीन हेडांवर कॅमचं एकच घर आडवं बसतं, तेव्हा तिघांची पातळी तिथेही जुळवावीच लागते.

बॅरलला वर दोन पायऱ्या असतात. गॅस धरायचा तो आतल्या पायरीने. बाहेरची पायरी हेडला टेकता कामा नये, तिथे फीलर गेजची पात फिरेल एवढी फट राहिलीच पाहिजे. मोठ्या बोअरसाठी हेड कापताना हे हमखास चुकतं. बाहेरची पायरी आधी टेकते, नट बरोबर टॉर्कवर येतात, सगळं घट्ट वाटतं, आणि आतली कड अधांतरी राहते. तसंच दोन शेजारच्या बॅरलच्या फिन्स एकमेकांना घासत नाहीत ना, बॅरलखालचा हवेचा पत्रा हेड आणि फिनच्या मध्ये चिमटला नाही ना, पुशरोडच्या नळ्या नीट ताणून साधारण १९० मिमीवर आणल्या आहेत ना पण फाजील लांब राहून हेडला अडवत नाहीत ना, हे कोरडी जुळणी करून पाहायचं. यातल्या पत्र्याने मला स्वतःला एक अख्खा दिवस रडवलं आहे.

खाच तिरकी निघाली तर चांगल्या टर्नरकडे फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट कापून) घ्या, दोन्ही खाचा एकाच पकडीत. त्यानंतर लॅपिंग. बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून बॅरल हेडमध्ये हलक्या हाताने उलटसुलट फिरवायचं, करड्या रंगाची अखंड पट्टी येईपर्यंत. लॅपिंगने तिरकी खाच सरळ होत नाही, फक्त सरळ झालेली गुळगुळीत होते, हे लक्षात ठेवा. तासभर घासत बसलात तर अॅल्युमिनियम उगाच खाल्लं जाईल. आणि पेस्टचे कण मऊ अॅल्युमिनियममध्ये रुततात, म्हणून आधी रॉकेल, मग गरम साबणाचं पाणी आणि ब्रश, मग हवा.

इथे आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लॅप केलेलं बॅरल रात्री तसंच उघडं ठेवलं तर सकाळी कडेवर तांबूस साय आलेली असते. बिडाला खारी हवा एक रात्रही पुरते. ती साय म्हणजे बैठकीत घातलेली धूळच. काम संपेपर्यंत कडेला तेलाचं बोट फिरवून ठेवा आणि जोडताना ते पूर्ण पुसा. शक्यतो हे काम मृगाच्या आत उरका. स्टडही तसेच तपासा. पोर्शने १९७० च्या दशकात डिलावार नावाच्या मिश्रधातूचे स्टड आणले, कारण तिथे सिलिंडर आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, आणि साध्या स्टीलच्या स्टडवर तापल्यावर फार ताण यायचा. डिलावार अॅल्युमिनियमच्या जवळपास फुगतो. कल्पना उत्तम, पण ते स्टड वर्षांनी तुटू लागले, विशेषतः खालच्या एक्झॉस्टच्या ओळीत, गंजाच्या बारीक खड्ड्यापासून तडा जाऊन. आपल्या स्टडवर असा एक जरी खड्डा नखाला लागला तर तो स्टड भंगारात. वायर ब्रशने चकचकीत करून परत घालू नका.

तांब्याबद्दल. तुमचं १ मिमीचं गॅस्केट काढलं की पिस्टन आणि हेडमधलं अंतर तेवढं कमी होणार, त्यामुळे नुसतं काढून बंद करू नका, मोजा. समजा गॅस्केटशिवाय पिस्टन बॅरलच्या कडेखाली १.२ मिमी राहतो आणि हेडचा कप्पा ५२ सीसीचा आहे, तर कॉम्प्रेशन साधारण ८.४ येतं. गॅस्केटसकट ते ७.७ होतं. ८.४ हे रस्त्यावरच्या गाडीला ठीक आहे. अंतर १ मिमीपेक्षा कमी भरलं तर वाढवायची जाडी खाली बॅरलच्या बुडाशी धातूच्या शिमने (पातळ चकतीने) द्या, तिथे पातळ सीलंट चालतं कारण तिथे फक्त तेल अडवायचं असतं. कॉम्प्रेशन आणखी उतरवायचं असेल तर हेडचा कप्पा कापून मोठा करा. पिस्टन आणि हेडमधलं अंतर २ मिमीच्या वर नेलं की मिश्रण नीट घुसळलं जात नाही आणि कमी कॉम्प्रेशनवरही नॉकिंग येतं. म्हणजे कॉम्प्रेशन उतरवून नॉकिंग टाळायला गॅस्केट घातलं तर तेच उलटतं. फोक्सवॅगनच्या टाइप ४ इंजिनात कारखान्यातूनच हेडला पातळ गॅस्केट असे, आणि पुढे कंपनीनेच ते वगळून जोडायला सांगितलं.

टर्बो लावणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे दाब इतका चढतो की सपाट बैठकीला मदत लागते. त्यासाठी बॅरलच्या कडेत किंवा हेडमध्ये खाच कापून तांब्याची किंवा स्टेनलेस तारेची रिंग बसवतात. ती पृष्ठभागाच्या थोडी वर राहते आणि सगळा दाब त्या बारीक रेषेवर एकवटतो. तांबं वापरलंत तर ते प्रत्येक वेळी मऊ करून घ्या. तांबट भांडं ठोकताना मधेमधे पुन्हा भट्टीत का घालतो? ठोकून तांबं कडक होतं, तापवून लालसर केलं की पुन्हा मऊ. एकदा दाबलेली रिंग कडक झालेली असते, ती तशीच परत घातली तर हेडच्या खाचखळग्यांत शिरत नाही.

आवळताना सगळ्या नटांचे आटे सारखेच: स्वच्छ, हलकं तेल लावलेले. काही कोरडे, काही तेलकट असले तर पान्यावर आकडा एक दिसेल आणि ताण वेगवेगळा बसेल. कडक जाड वॉशर वापरा. मऊ वॉशर दबतात आणि ताण खातात. रॉकर कव्हरच्या आत येणाऱ्या नटांच्या वॉशरखाली सीलंटचा पातळ थर द्या, नाहीतर तेल स्टडवरून झिरपतं आणि लोक त्यालाही हेडची गळती समजतात. आधी सगळे १० न्यूटन-मीटरवर, मग मधून बाहेर फुलीच्या क्रमाने १८ आणि शेवटी २५. इंजिन एकदा नीट तापवून रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पुन्हा बघा, मग ५०० किलोमीटरला. गरम इंजिनावर पाना कधीच लावू नका. तापल्यावर ताण आधीच वाढलेला असतो, तो आकडा खोटा.

आणि घाट. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे ठिणगीचं, एकूण टायमिंग मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर २८ ते ३२ अंशांत आहे का ते लाइट लावून बघा. त्यापुढे असेल तर ती दोन टनांची शिल्लक रोज संपते आहे. आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर कार्बोरेटरचे जुने जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) मिश्रण पातळ करतात, तेव्हा मुख्य जेट एक-दोन नंबर मोठे करून प्लगचा रंग बघा. ३ नंबरच्या प्लगखाली तापमानाचा सेन्सर लावा. १८० अंशांच्या आसपास निश्चिंत, २२० च्या वर राहू लागलं तर थांबा. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवू नका. पंखा इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो, खालच्या गिअरमध्ये जास्त हवा मिळते. पंख्याचं आवरण उघडाल तेव्हा आत हात घालून बघा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर सोडणाची घरटी करतात. गेल्या दिवाळीत मी एका आवरणातून घमेलंभर काथ्या काढला, बरोबर ३ आणि ४ नंबरच्या वर. फिन्सच्या मधे तेल आणि जांभ्याची लाल धूळ मिळून विटेसारखा थर होतो, तोही खरवडून काढा. इंजिनच्या कप्प्याभोवतीचं रबर गेलं असेल तर खालची गरम हवा पुन्हा पंख्यात जाते, ते नवं लावा.

तुमच्या इंजिनाचं काम मी या क्रमाने करीन: साबणाच्या पाण्याने खात्री, स्टड आणि बुशांची तपासणी, निळी शाई, मापं, गरज असेल तर फेसिंग, गॅस्केटशिवाय जोडणी, टायमिंग आणि जेट. हेड उतरवलंत की पुसण्याआधी ३ आणि ४ नंबरच्या खाचांचे उजेडात फोटो काढा आणि दोन्ही खोल्यांची मापं लिहून ठेवा. काजळीची रेघ कुठे आहे ते दिसलं की फेसिंग लागेल की नुसतं लॅपिंग पुरेल, हे तिथल्या तिथे ठरवता येईल.